इथून पुढे मनातल्या मनात

अबुल खसीब, बसरा
शाबानचा पहिला गुरुवार

प्रिय खाला,

सलाम. गुडघे कसे आहेत? अमाराची थंडी त्यांना सोसत नाही, हे ठाऊक असून तुम्ही मामाकडे जाऊन बसलात. आता त्या गुडघ्यांना कोण समजावणार? मिनीबसवाल्या मुर्तझाबरोबर खजुराचा पाक आणि सुकी लिंबं पाठवते आहे. लिंबांच्या बिया काढल्या आहेत, नाहीतर चहा कडू झाला म्हणून माझ्या नावानं बोटं मोडाल.

तुमचा लेक फलाह बरा आहे. बंदरावर काम भरपूर, घरी आला की जेवून झोपतो. नळाला पुन्हा खारट पाणी येतं आहे. तुमचा कोंबडा अजून तुमच्याच दारापाशी जाऊन आरवतो. मला तो घरातलं माणूस समजत नाही, अगदी मालकिणीवर गेला आहे.

आई मुन्तझरचं अंथरूण आवरू देत नाही. परवा त्याच्या उशीखाली आंब्याच्या लोणच्यानं माखलेला रुमाल सापडला. डॉक्टरांनी मना केलं होतं, आणि हा शहाणा चोरून पावात घालून खात होता. आई तो रुमाल धुवूही देत नाही. माझा धाकटा भाऊ गेला हे मला अजून नीट कळलेलं नाही, खाला. बाजारात गेले की त्याच्यासाठी काहीतरी उचलते आणि परत ठेवते.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी तुम्ही सगळ्या बायकांदेखत म्हणालात, "अबू जासिम, अबू जासिम म्हणून माझी जीभ झिजली. जासिम कुठाय गं?" मी चहा वाटत होते. आजोबांचं नाव नातवाला द्यायचं हे ठरलेलंच, म्हणून लग्नाच्या दिवशीच तुम्ही आम्हाला अबू जासिम आणि उम्म जासिम, जासिमचा बाप आणि जासिमची आई, करून टाकलं होतंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोचकं बांधलंत आणि जाता जाता सांगितलंत, की रमजानच्या आत फलाहचा मामाच्या रबाबशी निकाह. सय्यदबाबा घरीच येऊन लावतील, कोर्टाची कटकट नको.

तुम्हाला वाचता येत नाही आणि फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा हे पत्र रबाबच वाचून दाखवत असणार.

रबाब, इथे थांब. इथून पुढे मनातल्या मनात वाच. खालांनी विचारलं, तर सांग की विदादचं अक्षर लागत नाही. माझं अक्षर अख्ख्या खानदानाला माहीत आहे, त्यांना पटेल.

रबाब, मी वांझ नाही.

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मुन्तझरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला बोलावलं. थॅलेसेमिया असा सहज येत नाही म्हणाल्या, आईबाप दोघांकडून येतो. माझ्यातही तो निघाला, अर्धा. अर्ध्यानं माणसाला काही होत नाही. नवराबायको दोघांत अर्धा अर्धा असला, तर मात्र मूल मुन्तझरसारखं होऊ शकतं. फलाह थट्टा करत तपासायला गेला. येताना मासळी आणणार होता, ती विसरून आला. त्याच्यातही अर्धा निघाला. कोर्टात लग्न केलं असतं तर हे आधीच कळलं असतं. तिथे रक्ताचा दाखला मागतात, म्हणून तर आपल्याकडे सय्यदबाबांना घरी बोलावतात.

होईलच असं नाही. चारांत एक. फलाह म्हणाला, "तीन चांगली ना?" मी म्हटलं, "चौथ्याला रक्त चढवायला सुई टोचताना तू धरून बसशील? मी मुन्तझरला धरलंय." पोटात असतानाच तपासता येतं म्हणे, पण तपासून पुढे जे करावं लागतं त्याची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही.

मूल नकोच असं आम्ही ठरवलं, हे मुन्तझरला कळलं तेव्हा तो माझ्यावर भडकला. "म्हणजे मी जन्मलो नसतो तर बरं, असंच ना ताई? अगं, मी पोटभर फुटबॉल पाहिला. सलवाच्या प्रेमात पडलो. तिनं ढुंकून पाहिलं नाही, ते सोड. यातलं काहीच तू जासिमला देणार नाहीस?"

त्याच्यावर मी जिवापाड माया केली आणि त्याच्यासारखं मूल मला नको होतं. दोन्ही खरं आहे. तो गेला, आणि हे तोंड घेऊन मी त्याच्या चाळिसाव्याला चहा वाटला.

खालांना का सांगितलं नाही, विचारशील. हातेममुळे. त्यांचा थोरला. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी सगळे त्यांना उम्म हातेमच म्हणतात. तो पिवळा पडत गेला, पोट फुगलं, शाळेचं तोंड पाहायच्या आत गेला. खाला म्हणतात, शेजारणीची नजर लागली. नजर नव्हती, रबाब. त्यांच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या, दोघांच्याही रक्तात तेच होतं. फलाहनं माझे हात धरले. "आईला कळलं तर आपणच पोराला मारलं म्हणून झुरत बसेल. त्यापेक्षा तुला शिव्या देऊ दे. शिव्या देणारी आई मला चालेल." मला चालेल का, हे त्यानं विचारलं नाही. मी हो म्हटलं.

आजवर दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला की तो आईला नाही म्हणायचा. या वेळी नाही म्हणाला नाही. त्याला मूल हवं आहे. मी त्याला दोष देत नाही. देते, थोडा.

पण तू माझी मामेबहीण आहेस, रक्त एकच. आधी तपासून घे. तुझ्यात दोष नसेल, तर मी आड येणार नाही. तुझ्या हाताला मेंदी लावीन असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? मी दार लावून रडेन. दोष निघाला, तर तो टकल्या नवरा मला नको म्हणून थयथयाट कर. खरं कारण कुणाला सांगू नकोस. या वयात हे ओझं तुझ्यावर टाकते आहे, माफ कर. दुसरं कुणी नव्हतं.

आता डोळे पूस आणि पुन्हा मोठ्यानं वाच.

तर खाला, दोष माझ्यात आहे. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं आहे. फलाहमध्ये काही उणं नाही, तुमच्या घराण्यात तर नाहीच नाही. शेजारणीची नजर वाईट, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे. ती उतरावी म्हणून मी दारात हरमलच्या बिया जाळते. हातेमच्या नावानं नदीत मेणबत्तीही सोडीन. मला काय बोलायचं ते बोला, पण इथे येऊन बोला. तुमच्याशिवाय घर फार गप्प आहे.

एकच मागते. रबाब या घरात आली, नाही आली, माझं नाव तेवढं काढून घेऊ नका. जासिमला मी कधी दुखू दिलं नाही. हाक मारायची झाली तर त्याच्याच नावानं मारा, मी ओ देईन.

तुमची,
उम्म जासिम