वलगावच्या रस्त्यावर

अमरावती, १८ जानेवारी १९५९, रविवार

पाय मोडल्याला आठ महिने झाले. आज पहिल्यांदा मोठी फटफटी बाहेर काढली. बायको, इंदू, फाटकात आडवी उभी राहिली, तर तिला चक्क ढकलून निघालो.

वलगावच्या रस्त्यावर एक ट्रक उभा होता. चाक बदलत बसलेला ड्रायव्हर तोच, मला उडवून न थांबता पळालेला. पुढचं लिहायला हात धजत नाही. मी गाडी सरळ त्याच्या अंगावर घातली. तो उठलाच नाही, नुसता बघत राहिला. शेवटच्या क्षणी हँडल मी वळवलं, की घसरलो? ठाऊक नाही. मी रस्त्यावर पडलो आणि गाडी त्याच पायावर.

त्यानं धावत येऊन ती उचलली. मी पडल्यापडल्याच त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. तरी दुसरा मारला.

"मारा साहेब, आनखी मारा," तो म्हणाला, "पन पाय हालवू नोका. तवा मी भेलो होतो. आज नाही पयत."

चाक बसवून त्यानंच ट्रकमधून मला घरी आणलं. इंदूनं त्याला विचारलं, "ओठाला काय झालं?"

"जॅक लागला, बाई."

तिनं त्याला हळद आणून दिली. मी मूठ पांघरुणाखाली सारली.