मशीन मास्तरांकडेच राहील

मी, वय वर्षे एकसष्ट, धंदा काज-बटण आणि हातशिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम मागून घेतला, कारण त्यावाचून माझ्या नणंदेचा विश्वास बसणार नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. कर्करोग अंगात शिरला त्याला चार वर्षे झाली. डोक्यात मी त्याला शिरू दिलेले नाही.

कलम १. शिलाईचे दुकान, मागची खोली आणि वरचे बिऱ्हाड यांतला माझा अर्धा हिस्सा माझ्या पतींना मिळावा. त्यांना सगळी गिऱ्हाइके मास्तर म्हणतात आणि लग्नानंतर मलाही तीच सवय लागली. मास्तरांच्या पश्चात हिस्सा आमच्या मुलीचा. मागच्या खोलीत आपल्या धंद्यातले टायर ठेवता येतील, असे जावईबापू एकदा जिन्यात हळूच म्हणाले होते. माझे कान अजून शाबूत आहेत.

कलम २. ती खोली दर गुरुवारी दुपारी उपचार चालू असलेल्यांसाठी उघडी राहील, आजवर राहिली तशीच. आरामखुर्ची, गरम पाण्याचा थर्मास आणि झाकणाची बादली तिथून हलवू नये. उग्र वासाचा डबा आत उघडू नये. तिथे रडायला मुभा आहे, उपदेश करायला नाही.

भिंतीवरचा फळाही ठेवावा. “काही लागलं तर सांगा हं,” असे म्हणून जाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. मनाने चांगली असतात बिचारी, पण आजारी माणसाला मागायचा संकोच वाटतो. म्हणून फळ्यावर वार आणि काम लिहायचे: मंगळवारी दोन मुलांना शाळेतून आणणे, शुक्रवारी दवाखान्यात सोबत बसणे. ज्याला जमेल त्याने पुढे आपले नाव घालावे, आणि नाव घातले की यावे.

कलम ३. बँकेतली माझी ठेव दवाखान्यात ये-जा करणाऱ्यांच्या गाडीभाड्यासाठी वापरावी. मुलीला हे सांगितले आहे आणि तिची हरकत नाही.

कलम ४. माझी निळी शाल वन्संना. माझा आजार माझ्या तापट स्वभावामुळे आला, असे त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि आम्ही वर्षभर बोलत नव्हतो. पण केस गळायला लागले त्या दिवशी त्याच आल्या. त्यांनी माझे डोके भादरले, खाली पडलेले केस स्वतः झाडले, आणि म्हणाल्या, “डोकं किती छान गोल आहे गं तुझं. इतकी वर्षं केसांखाली वायाच गेलं.” शाल त्या वाक्यासाठी आहे. आधीच्या वाक्यासाठी काही नाही.

कलम ५. पायमशीन मला माझ्या आईने दिले होते, तेव्हा त्याचे काय करायचे ते मी ठरवणार. सात महिने त्याच्यावर झाकण आहे. का, ते लिहिते.

गेल्या वर्षी मी घरीच गोळ्या घेत होते आणि वजन उतरत होते. दुपारी मला ग्लानी यायची. त्या वेळात मास्तर माझा एकेक ब्लाउज उसवून बोटभर आत घेत. मला आरशात कपडे लोंबताना दिसू नयेत, मी घाबरू नये, एवढाच त्यांचा हेतू. आहारतज्ज्ञ बाई पंधरा दिवसांनी फोन करायच्या. “कपडे सैल होताहेत का?” मी सांगायचे, “छे, अगदी मापात बसतात.”

दोन महिन्यांनी दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले तर नऊ किलो गेलेले. बाई रागावल्या. मास्तरांनी सगळ्यांदेखत कबुली दिली आणि घरी येऊन म्हणाले, “माझ्याच हातानं घात केला तुझा. आता सुईला हात लावणार नाही.” आजार त्याने वाढला नाही, असे डॉक्टरांनी त्यांना तीनदा समजावले. मास्तर मान डोलावतात आणि झाकण काही काढत नाहीत. इकडे अकरा जण हुकांच्या बाहीच्या शर्टांसाठी ताटकळले आहेत. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडते, म्हणजे सलाइनची सुई टोचताना थंडीत अंगातले काढावे लागत नाही. ती युक्ती मास्तरांचीच, दुसऱ्या शिंप्याला तो काप साधत नाही.

कलम ६. हे मी कोणालाच सांगितलेले नाही. चौतीस वर्षे मास्तरांनी शिवलेल्या कपड्यांना मी हुक लावले. शिवणीच्या शेवटी मास्तर दोनदा उलटी टीप मारतात, एवढे मला अंधारातही बोटांनी कळते. पहिल्याच ब्लाउजमध्ये मला जुन्या शिवणीची भोके दिसली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. बाईंशी खोटे बोलले ती मी, जाणूनबुजून. खरे सांगितले असते तर मास्तरांना थांबावे लागले असते, आणि मला ते थांबायला नको होते. डोळे मिटून पडायचे, मशीनचा आवाज ऐकायचा, आणि हा माणूस माझ्यासाठी चोरून शिवतोय एवढेच मनात घोळवायचे. मी भित्री होते आणि फार सुखात होते. मास्तर, चूक माझी आहे. तुम्ही फक्त शिवलेत.

कपडे सैल झाले तर त्याच दिवशी सांगा, हे मात्र फळ्यावर सगळ्यांत वर लिहावे. आमचा शहाणपणा दुसऱ्या कोणी करू नये.

कलम ७. म्हणून मशीन मास्तरांना, एका अटीवर. मी गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी झाकण निघाले पाहिजे. माझ्या सहा ब्लाउजांपैकी पिवळा मला शेवटी घालावा, आत घेतलेला आहे तसाच. बाकीच्या पाचांच्या शिवणी सोडून ते पुन्हा पूर्ण मापाचे करावेत, आणि ज्या बायकांचे वजन परत भरते आहे त्यांना द्यावेत. हे काम मास्तरांनीच करावे. कुठे किती घेतले आहे, ते त्यांनाच ठाऊक.

वरील मजकूर वाचून, समजून, मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सही केली. मास्तर त्या वेळी घरी नव्हते. त्यांना मी पांढऱ्या दोऱ्याची अकरा रिळे आणायला पाठवले होते. कशाला, असे त्यांनी विचारले नाही.

सही: काज-बटणवाली, मास्तरांची बायको
साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधवाले
साक्षीदार २: वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: १४ मार्च, गुरुवार