साच्याला तेल लावू नये

मी, व्हर्ना होलुब, कै. एमिल होलुब यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार टॅनर्स बेंड, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बोटे संधिवाताने वाकडी झाल्यामुळे मजकूर मी सांगितला आणि वकीलबाई ओडेट क्रेन यांनी उतरवून घेतला. माझे सगळे साचे हातोड्याने फोडावेत, असे ज्यात लिहिले होते ते आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात केले होते. हेही थोडेफार रागातच आहे, पण विचार करून.

कलम १. राहते घर माझ्या बहिणीची मुलगी रोझलिन हिला द्यावे. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिने बदलू नये. ती बदलणारच, तरी सांगून ठेवते.

कलम २. बँकेतील शिल्लक, माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता, गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला द्यावी. दर ऑक्टोबरात लोकांना गंमत म्हणून घाबरवायला ते भुतांचे कोठार भरवतात, त्यासाठी.

कलम ३. शेजारी ऑर्विल यांना माझी शिडी द्यावी. ती सहा वर्षे त्यांच्याकडेच आहे.

कलम ४. तळघरातील सेहेचाळीस प्लास्टरचे साचे, पट्टे, बादल्या आणि रबराच्या चिकाचे न फोडलेले पिंप माझी धाकटी जाऊ ग्लेनिस हिला द्यावीत. ती माझ्याशी बोलत नाही. कारण इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर रोझलिनला वाटेल म्हातारीला भ्रम झाला होता.

कोठारातले मुखवटे आम्ही दोघी करत असू. ग्लेनिस मातीत चेहरा घडवायची. त्यावरून साचा घेणे, त्यात चीक ओतणे, सुकवणे, सोलून काढणे, हे माझे काम. लोक चेहरा पाहतात. आतली पोकळी कोण पाहतो? वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ग्लेनिस, तिच्या हातात चेटकीण, खाली ‘आपल्या गावची कलाकार’. माझे फक्त कोपर आले होते. एमिलने ते कात्रण फ्रिजवर लावले. जेवताना म्हणाला, “ग्लेनिसच्या बोटांत काहीतरी आहे बघ.”

मी म्हटले, “आणि माझ्या?”

“तुझं काय, तू पक्की आहेस,” तो म्हणाला आणि बटाटे मागितले.

बावीस वर्षांपूर्वी ग्लेनिस तळघरात येऊन म्हणाली, “व्हर्ना, मला ओतायला शिकव ना गं. तुला किती त्रास द्यायचा दर वेळी?”

तिच्या मनात काही नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण तिला ओतताही आले तर माझे काय उरणार होते? मी म्हटले, “सोप्पं आहे. आधी साच्याला आतून तेल चोळायचं. केकच्या भांड्याला लावतेस ना, तसं.”

तेल लावले की प्लास्टर पाणी शोषत नाही आणि चीक धरत नाही. जो काही धरतो तो पुढे सडतो. तिने तीनदा केले. तिन्ही चेहरे भोकाभोकांचे निघाले. तिसऱ्या वेळी ती पायरीवर बसून म्हणाली, “हातगुण लागतो गं. माझ्यात नाही तो.” मी तिला कॉफी दिली. खरे सांगितले नाही. एमिल गेला त्या वर्षीही नाही.

गेल्या सप्टेंबरात वाचनालयात पाटी लागली: ‘नवशिक्यांसाठी पोकळ मुखवटा, शिकवणार ग्लेनिस होलुब’. मला विचारलेसुद्धा नव्हते. माझी बोटे गेली होती हे खरे, पण जीभ शाबूत होती. चुका काढायच्या म्हणून मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. चौदा जण होते.

ग्लेनिसने तेलाची बाटली उचलली. “पहिलं तेल. हे मला माझ्या मोठ्या जावेनं शिकवलंय. ती बघा, मागे बसलीय. तिच्यासारखं ओतणारं या भागात कुणी नाही. मला नाही जमत, पण तुम्हाला जमेल.”

एक गृहस्थ म्हणाले, “पण रबराला तेल चालत नाही ना?”

“व्हर्नानं सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला,” ती म्हणाली.

मी कोट चढवून घरी गेले. पुढच्या शनिवारी चौदाही साचे उघडले आणि चौदा चिंध्या निघाल्या. ग्लेनिस एकेकाची माफी मागू लागली. “माझाच हात वाईट,” म्हणाली. तेव्हा मी उठले.

“तेल लावायचं नसतं. मी तुला खोटं सांगितलं होतं.”

“कधी?”

“तेव्हाच. पहिल्यांदा.”

तिने आपल्या तळव्यांकडे पाहिले. “मी मुलींनासुद्धा सांगायचे, आईचा हात वाईट,” ती म्हणाली. तिने अ‍ॅप्रन काढून माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

उरलेला वर्ग मी घेतला. सगळ्यांचे मुखवटे अखंड निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आनंद झाला. हे लिहिले नाही तर हा कागद खोटा ठरेल.

कलम ५. साच्यांसोबत ही रीत द्यावी. साचा कोरडा हवा, आत काहीही लावू नये. दोन्ही अर्धे पट्ट्याने करकचून आवळावेत. चीक काठोकाठ भरावा, बुडबुडे येऊ नयेत म्हणून कडेने, सावकाश. अर्धा तास थांबावे. मग उरलेला चीक बादलीत परत ओतावा आणि साचा फिरवत राहावा, नाहीतर नाकात साचतो. एक दिवस सुकू द्यावे. सोडवण्याआधी आत भरपूर पावडर टाकावी. विसरलात तर गाल गालाला चिकटेल, तो कायमचा. ही रीत तिला आता लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मार्चमध्ये मी तिच्या गॅरेजच्या खिडकीतून पाहिले. दोरीवर पाच मुखवटे टांगले होते. माझ्यापेक्षा पातळ, नाकात थेंबभर साचलेले नाही. अवघ्या सहा महिन्यांत! त्या रात्री मला जेवण गेले नाही.

कलम ६. मी सांगितले, “साचे तिला मिळावेत, पण अट आहे. दफनाच्या वेळी तिनं चार लोकांसमोर म्हणावं की ओतण्यात व्हर्नाचा हात धरणारं कुणी नव्हतं.”

वकीलबाईंनी पेन थांबवले. “आणि नाही म्हणाली तर? साचे कुणाला द्यायचे?”

मला दुसरे कोणी सुचेना. “तरी तिलाच द्या.”

“मग ती अट होत नाही, व्हर्नाबाई.”

“मग काय होते?”

“इच्छा.”

इच्छा म्हणून लिहावे.

स्थळ: टॅनर्स बेंड, ओहायो
दिनांक: ३ एप्रिल २०२४
सही: व्हर्ना होलुब (अक्षर वाकडे आहे, पण माझेच आहे)

व्हर्ना होलुब यांनी हा मजकूर आमच्यासमोर वाचून घेतला, कलम ६ दोनदा वाचून घेतले आणि स्वहस्ते सही केली.
साक्षीदार: १. हार्लन मेट्स, ग्रंथपाल
२. डोरीन स्क्लेनार, परिचारिका