कांदा नुसता वाजतो

एकेकाळच्या सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. (नको असतील तर वापरू नकोस, परत मात्र पाठवू नकोस, माझ्याकडे आधीच बरेच शिल्लक आहेत.)

मायन्यावर माझे अडीच कागद वाया गेले, हे प्रथम नमूद करते. ‘चि. सौ.’ लिहावे तर त्यातले ‘सौ.’ तीन वर्षांपूर्वी न्यायालयाने काढून घेतले आहे. नुसते ‘चि.’ लिहावे तर ते शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहिल्यासारखे दिसते. ‘माननीय महोदया’ हाही प्रयोग करून पाहिला. पत्राला लगेच गळक्या नळाच्या तक्रारीचा चेहरा आला. दोन ओळी तुला ‘आपण’ म्हणूनही लिहिल्या आणि फाडल्या, कारण ज्या मुलीला मी चार वर्षे ‘अगं, झाकण!’ असे ओरडत होते, तिला एकदम ‘आपण’ म्हणणे हा ढोंगीपणा झाला असता. शेवटी जे खरे आहे ते लिहिले. वर्गीकरण अचूक असले की बाकीचे आपोआप निभावते, असे माझे मत होते. हल्ली ते डळमळीत झाले आहे.

तुझी प्रकृती कशी आहे? पाठीचे दुखणे थांबले का? नकाशे काढताना तू एका बाजूला कलून बसायचीस, त्याबद्दल मी बोलले होते. (बऱ्याच वेळा बोलले होते, हे मान्य.) दुपारी वेळेवर जेवतेस, की अजून टेबलावरच बिस्किटे खाऊन भागवतेस? मी उत्तम आहे. हे वाक्य केवळ रीत म्हणून लिहिले आहे. त्याचे खंडन आता सुरू होते.

गेल्या वर्षी मला नऊ दिवस ताप आला. दहाव्या दिवशी तो गेला आणि जाताना माझे नाक निकामी करून गेला. कसलाच वास येत नाही. शास्त्राप्रमाणे जिभेला निदान खारट, गोड, आंबट, कडू एवढे तरी उरायला हवे होते; पण माझ्या जिभेने नाकाच्या समर्थनार्थ संप पुकारला आणि तो अद्याप मिटलेला नाही. अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काढली, त्यातली अकरा प्रमुख म्हणून. बंद बरणीचे झाकण नुसते सैल केले तरी तेल किती महिन्यांचे जुने आहे, ते मी सांगत असे. आज तीच मी जे शिजवते ते माणसांनी खाण्याजोगे असते की नाही, हे मला सांगता येत नाही. पुढच्या महिन्यापासून चूल बंद करून बाहेरचा डबा लावावा की काय, हे या आठवड्यात ठरवायचे आहे. डबेवाल्या बाईंना शुक्रवारपर्यंत उत्तर हवे आहे आणि त्या दूरध्वनीवर ‘अहो मावशी, किती विचार करताय!’ असे म्हणतात. मी त्यांची मावशी नाही.

नाकाच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथल्या मुलाने (तो डॉक्टर निघाला) माझे डोळे बांधले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. ‘आजी, खोल श्वास घ्या. काय वाटतंय?’ मला काहीही वाटत नव्हते. पण परीक्षेत कोरा कागद देण्याची मला सवय नाही. पहिल्या बाटलीत खडखडले, म्हणून ‘कॉफीच्या बिया’ म्हणाले. दुसरीचे बूच निघताना चिकट आवाज झाला, म्हणून ‘मध’ म्हणाले. तिसरी त्याने जरा लांबच धरली असावी, कारण त्याचा स्वतःचा श्वास थांबला. मी ‘अमोनिया’ असे उत्तर दिले. पाचांपैकी चार बरोबर! ‘आजी, तुमचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे,’ असे म्हणून त्याने मला निरोगी ठरवले आणि घरी पाठवले. मी पदक मिळाल्याच्या ऐटीत जिना उतरले. खालच्या पायरीवर आल्यावर लक्षात आले की, उपचार राहिलाच. परत वर जाऊन ‘मी लबाडी केली’ असे सांगणे माझ्याने झाले नाही. घरी आले.

त्यानंतर मी स्वयंपाकाला शास्त्रीय शिस्त लावली. मीठ पदार्थाच्या वजनाच्या शेकडा एक. भाताला पाणी मोजून. बटाट्याला अठरा मिनिटे. ओट्यावर तराजू, तापमापक आणि गजराचे घड्याळ, भिंतीवर तक्ता. दूध आंबले की नाही ते कळत नाही, म्हणून भांड्यावर तारखेची चिठ्ठी. (एकदा चिठ्ठी पडली आणि मी तीन दिवस आंबलेले दूध प्यायले. चौथ्या दिवशी पोटाने लेखी नसली तरी स्पष्ट सूचना दिली.) कागदावर सर्व काही निर्दोष आहे. परंतु कढईत कांदा टाकला की पूर्वी सगळे घर जागे व्हायचे. आता कांदा नुसता वाजतो. मी शेजारी उभी राहून ते ऐकते, रंग पाहते, घड्याळ पाहते, आणि काचेपलीकडे दुसऱ्याच कोणाचा स्वयंपाक चालला आहे असे वाटते. भूकही लागत नाही. जेवणाची वेळ होते एवढेच. परवा खिडकीच्या काचेत एक बाई दिसली. ओट्याशी उभ्याउभ्याच उकडलेले अंडे खात होती, हातात ताटलीसुद्धा नव्हती. उभ्याने खाणाऱ्या माणसांविषयी माझी मते तुला ठाऊक आहेत. क्षणभर मी तिला बोलणारसुद्धा होते.

आता मुख्य दुर्घटना. वीस दिवसांपूर्वी मी तिघांना जेवायला बोलावले: प्रयोगशाळेतला माझा जुना उपप्रमुख, तिथल्याच ग्रंथपालबाई आणि तळमजल्यावरचे दंतवैद्य. हेतू असा की तीन स्वतंत्र जिभांकडून निर्णय घ्यावा, मात्र तो घेतला जात आहे हे त्यांना कळू देऊ नये. बटाट्याचा रस्सा, भात, काकडी. बेत साधा, म्हणजे दोष लपायला जागा नको. उपप्रमुखांनी पहिल्याच घासाला मान डोलावली. ‘मॅडम, तुमच्या हातची चव अजून तीच!’ ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘आम्हाला कधी जमायचं असं?’ दंतवैद्यांनी बटाटा दाताला कसा अजिबात लागत नाही यावर व्यवसायाला साजेसे दोन शब्द काढले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले. मी त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी गुणगुणले.

ते गेल्यावर भांडे घासायला घेतले. तळाला बोटभर जाडीचा काळा कोळसा होता. (पाहुणे येईपर्यंत रस्सा मंद आचेवर ठेवला होता; त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.) हा रस्सा नुसता लागला नव्हता, तर करपून संपला होता, आणि तो करपट वास जिन्यातून थेट तळमजल्यापर्यंत गेला असला पाहिजे. मला कसे कळले? डोळ्यांनी, घासणीने, आणि दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांच्या मोलकरणीने विचारले त्यावरून: ‘काल तुमच्याकडं काही जळालं होतं का हो? आमच्या साहेबांनी येऊन दोनदा चूळ भरली.’

तिघांनी तो रस्सा गिळला. तिघांनी स्तुती केली. एकाने तो पुन्हा मागून घेतला. त्यांना माझा लोभ होता असे म्हणावे, तर लोभ असलेले माणूस ‘अहो, लागलंय वाटतं’ म्हणते. ती भीती होती. निवृत्त होऊन मला आठ वर्षे झाली तरी उपप्रमुख माझ्यासमोर करपलेला बटाटा चावत नाही, नुसता गिळतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण एक हिशेब मनात सुरू झाला होता: मग त्याआधीच्या चाळीस वर्षांचे काय? मला मिळालेल्या वाहव्यांपैकी चवीच्या किती आणि धाकाच्या किती? हे तपासण्याची कोणतीही पद्धत अस्तित्वात नाही. मी शोधली.

माझा मुलगा (तोही एकेकाळचा तुझा) दर रविवारी येतो, भ्रमणध्वनीकडे बघत जेवतो आणि ‘छान आहे गं’ म्हणतो. ओला पुठ्ठा वाढला तरी तो ‘छान आहे गं’ म्हणेल. त्याला मी नाकाचे सांगितलेले नाही.

विचार करता करता आठवले की, माझ्या जेवणाला तोंडावर नाव ठेवणारी व्यक्ती माझ्या आयुष्यात एकच होऊन गेली. तुला या घरात येऊन तीन आठवडे झाले होते. टोमॅटोचे सूप होते. तू चमचा खाली ठेवून म्हणालीस, ‘आई, थोडं कडू लागतंय का हो?’ त्यावर मी कडू चवीच्या रसायनशास्त्रावर वीस मिनिटे बोलले, तुझे सूप गार होईपर्यंत. नंतर तुझ्या भाताला दहापैकी चार गुण दिले. तो भात मोकळा आणि सुरेख झाला होता. आणि सूप कडूच होते. लसूण करपला होता. मला पहिल्या घोटालाच कळले होते. तेव्हा माझे नाक पूर्ण शाबूत होते, त्यामुळे त्याच्यावर ढकलता येत नाही. तिसऱ्या वर्षापासून तूही ‘छान आहे, आई’ म्हणू लागलीस. मला तेव्हा वाटले, मुलगी तयार झाली.

तुम्हा दोघांचे का मोडले याची चिकित्सा करायला हे पत्र नाही. तुमचे तुम्हाला ठाऊक. माझ्या वाट्याचे तेवढे मी वर लिहिले आहे. उत्तराची अपेक्षा नाही.

कळावे. लोभ होता की नाही हे मला नक्की सांगता येत नाही, म्हणून तो असावा असेही लिहीत नाही.

तुझी एकेकाळची सासू

ता. क. उत्तराची अपेक्षा नाही हे वरचे विधान मागे घेते. सोबत आज सकाळी केलेल्या रश्श्याचा डबा आहे. खाऊन एकच ओळ लिही: मीठ कसे, करपला का, आणि चूल चालू ठेवावी की बंद करावी. मला सांभाळून घेऊ नकोस. गुण दिलेस तरी चालेल.

ता. क. २. डबा काढून घेतला आहे. तुझ्यापर्यंत पोहोचायला त्याला दोन दिवस लागणार. म्हणजे तुझा निकाल माझ्यावर नसून टपालखात्यावर लागेल. नमुना गरम असताना, जागेवरच तपासला पाहिजे. बुधवारी साडेअकराला मी बटाटे चढवते. रविवारी जो येतो तो बुधवारी येत नाही.

ता. क. ३. जेवायला थांबणे जमणार नसेल तर थांबू नकोस. चपलाही काढू नकोस. फक्त मी दार उघडले की घराला कसला वास येतो, तेवढे सांगून जा.