डावीकडची पालोम्बा

मी, पालोम्बा नाहमियास, माहेरची साल्तिएल, वडील मोर्देखाय, आई लुना, जन्म ग्रीसमधल्या सालोनिकात १९२७, वय एकाहत्तर, राहणार हैफा, बंदराच्या वरच्या उतारावरच्या घराचा मधला मजला, हे लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचं काय करायचं ते मी स्वतः ठरवलं आहे. कोणी मला पढवलेलं नाही आणि तेवढी कोणाची हिंमतही नाही. वकीलबाई जोया बेहार यांनी विचारलं, "ताई, पूर्ण शुद्धीत आहात असं घालू ना?" मी म्हटलं, "संतापलेली आहे असंही घाल." त्यांनी दोन्ही घातलं आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते माझा मुलगा याको याला मिळावं. याको स्वभावानं चांगला आहे, पण "आई, सोड ना आता" हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या दफनाच्या दिवशी ते त्यानं एकदाही उच्चारू नये, ही अट समजावी.

२. शिवणयंत्र, तिन्ही कात्र्या आणि कापडाच्या चिंध्यांची पेटी खालच्या मजल्यावरच्या ल्यूबाला द्यावी. तिचा हात जड आहे, पण शिवणीत ती खोटेपणा करत नाही. मोठ्या कात्रीनं कागद कापलेला मला चालणार नाही.

३. सून हाव्हा हिला तांब्याची दोन्ही पातेली द्यावी, आणि तिची मी क्षमा मागते. क्षमा कशाबद्दल ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नात झाली तेव्हा मी म्हटलं, हिचं नाव पालोम्बा ठेवा. आमच्या सालोनिकात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात आणि ती आजी जिवंत असली तर दुधात साखर. आपल्या नावानं नातीला हाक मारलेली तिनं स्वतःच्या कानांनी ऐकायची. हाव्हाचं घराणं पोलंडकडचं. ती पांढरीफटक पडली, तीनदा थू थू केलं आणि म्हणाली, "सासूबाई, तुम्ही जिवंत आहात! जिवंत माणसाचं नाव ठेवणं म्हणजे त्याला वर पाठवणं!" नातीचं नाव इन्बार ठेवलं. वर्षभर मी हाव्हाच्या हातचं जेवले नाही. ते चुकलंच माझं.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्या कपाटात पत्र्याचा डबा आहे. त्यात आमच्या घरचे तेवीस फोटो, आजोबांच्या रेशमाच्या दुकानाचे कागद, काकांची पत्रं, आणि आई-वडिलांचा विवाहकरार आहे. १९४३ साली जर्मनांनी आम्हा ज्यूंना गाड्यांत भरून नेलं तेव्हा शेजारच्या अनास्तासियाबाईंनी तो डबा पिठाच्या कोठीत पुरून ठेवला होता. परत दिला तेव्हा माझ्या हातावर पीठ सांडलं आणि बाई रडल्या. मी नाही रडले. त्या डब्यातला एक फोटो आणि माझ्याजवळचा एक जुना प्रवासाचा पास मी सात वर्षांपूर्वी एका संस्थेला सांभाळायला दिला. संस्थेचं नाव लिहीत नाही, फुकटची प्रसिद्धी कशाला?

फोटो १९३८ सालचा, वल्हांडणाच्या सणाचा. मधे आजी बसली आहे, उजवीकडे मी, डावीकडे माझी चुलत बहीण, माझ्याहून एका वर्षानं मोठी. माझे वडील आणि शेमतोव काका सख्खे भाऊ, त्यामुळे दोघांच्या थोरल्या मुलींना आजीचंच नाव. आजी पालोम्बा साल्तिएल, ती पालोम्बा साल्तिएल, मी पालोम्बा साल्तिएल. एक हाक मारली की तीन डोकी वळायची. आजोबांनी मागे आमच्या जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलंय, "पालोम्बा, पालोम्बा, पालोम्बा." किती खूश असतील तेव्हा!

संस्थेनं तो फोटो भिंतीवर लावला. मी बघायला गेले, केस विंचरून, चांगला कोट घालून. खाली पाटी होती: "पालोम्बा साल्तिएल (उजवीकडे), आजी आणि अनोळखी मुलगी."

अनोळखी मुलगी! मी तिथेच ओरडले. नोंदी ठेवणारे ग्रॉस म्हणून एक गृहस्थ धावत आले. वयानं माझ्या मुलाएवढे, हाव्हासारखेच पोलंडकडचे, मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, एकाच घरात, एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या दोन मुली? आणि ती आजीही जिवंत? आमच्याकडे असं कोणी करत नाही हो."

"तुमच्याकडे नसतील करत. आमच्याकडे करतात!"

"आजोबांनी ओघात तेच नाव तीनदा लिहिलं असेल."

"माझे आजोबा रेशमाचे व्यापारी होते, तोतरे नव्हते!"

"तुम्ही थकलाय," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी आठवणींची सरमिसळ होते."

मी घरी येऊन त्याच संस्थेकडे, मृतांच्या यादीत बहिणीची नोंद करावी म्हणून अर्ज भरला. नाव, बापाचं नाव शेमतोव, जन्म १९२६, गेल्याचं साल १९४३. तीन वेळा भरला. तिन्ही वेळा उत्तर आलं की सदर व्यक्ती हयात असून हैफा येथे राहते, पुरावा म्हणून त्या व्यक्तीनं स्वतः दिलेला पास आमच्या संग्रही आहे.

त्या पासाबद्दल मी आजवर याकोलाही सांगितलेलं नाही. काकूच्या माहेरचे लोक मूळचे इटलीचे, त्या ओळखीवर एप्रिल १९४३ मध्ये इटालियन वकिलातीकडून अथेन्सला जाण्याचा एकच पास मिळाला, मुलीपुरता; अथेन्स तेव्हा इटलीच्या ताब्यात होतं, तिथे धरपकड नव्हती. त्यावर फोटो नव्हता, बापाचं नाव नव्हतं, नुसतं पालोम्बा साल्तिएल. तो तिचा पास होता. काका आधीच वारले होते आणि काकू अंथरुणाला खिळलेली होती. पालोम्बानं जिन्यात मला गाठलं आणि कागद माझ्या पोलक्यात कोंबला.

"आईला टाकून मी अथेन्सला जाऊन काय करू, ऑलिव्ह खात बसू? नाव तुझंही तेच आहे, कोणाला कळतंय! जा गं. आणि रडत उभी राहू नकोस, रडणारीकडे शिपाई आधी बघतात."

मी गेले. सोळा वर्षांची होते आणि मला जगायचं होतं. एकदा तरी "तू जा" म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही. तिला आणि काकूला तीन दिवसांनी पोलंडमधल्या छावणीकडे जाणाऱ्या गाडीत घातलं. माझे आई-वडील त्याच गाडीत होते. त्या चौघांतलं कोणी परत आलं नाही. तिनं मला दिलेला कागद मी माझ्या हातानं त्या संस्थेला दिला, आणि त्यांनी त्यावरूनच तिला पुसलं. ग्रॉस यांच्यावर मी चिडते, पण रात्रंदिवस जिच्यावर चिडते ती मीच आहे.

५. सबब, संस्थेनं कितीही गोड पत्रं पाठवली (आतापर्यंत अकरा आली आहेत), तरी डब्यातला एकही कागद त्यांना देऊ नये. फोटोखाली "डावीकडे पालोम्बा, शेमतोव यांची मुलगी" असं लिहावं आणि मृतांच्या यादीत तिची स्वतंत्र नोंद करावी, मगच डबा द्यावा. पासाखाली तो मूळ कोणाचा होता आणि कोणी वापरला, हेही लिहावं. माझी लाज झाकू नये. तोवर डबा नात इन्बार हिच्या ताब्यात राहील. हे सर्व पार पाडण्यासाठी मी वकीलबाई जोया बेहार यांना व्यवस्थापक नेमते. त्या भांडखोर आहेत म्हणूनच नेमते.

६. याको, हे तुझ्यासाठी, नीट वाच. संस्थेच्या नावांच्या यादीत आम्हा दोघींची मिळून एकच ओळ आहे आणि तिच्यापुढे "हयात" लिहिलंय. मी गेले की कोणीतरी फोन करेल, आणि ग्रॉस त्या ओळीत माझी तारीख भरतील. मग माझी बहीण हैफात, म्हातारपणी, उशाला उशी आणि शेजारी गरम सूप असताना गेली, असं कायमचं ठरेल. ती सतरा वर्षांची होती. तिला मारलं. मी तिच्या पासावर पंचावन्न वर्षं जगले, आता माझं मरणही तिच्या नावावर चढवायचं नाही. मला पुरा, दगड बसवा, प्रार्थना म्हणा, पण त्या संस्थेला कळवू नका. पत्र आलं तर माझ्या नावानं उत्तर द्या, शिव्या घालून, म्हणजे शंका येणार नाही. ती आधी गेली, तिची नोंद आधी. तोवर मी कागदोपत्री मरणार नाही.

वरील मजकूर मला मोठ्यानं वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: पालोम्बा, मोर्देखाय साल्तिएल यांची मुलगी

साक्षीदार:
१. श्लोमो काराको, निवृत्त गोदी कामगार, सालोनिकाचे
२. फ्रीदा लुस्टिग, शेजारीण ("मी पोलंडची, तरीही सही करते")

ठिकाण: हैफा
तारीख: १८ नोव्हेंबर १९९८