तीन पंखे आणि एक चिठ्ठी

३ तारीख, सकाळ
प्रकृतिमान: लेक सासरी ठणठणीत. जावई बरा. दुकानातला म्हातारा कुत्रा लंगडतो, पण खातो. मी उत्तम. बायको मात्र बरी नाही. पाळी जाऊन वर्ष झालं. अंगातून वाफा, घाम, झोप नाही. काल वर्गात मुलांची नावं आठवेनात, स्टाफरूममध्ये रडली. राजीनामा लिहून ठेवलाय.
चाळीस वर्षं पंखे दुरुस्त करतोय. उष्णतेचं मला कुणी शिकवू नये.

५ तारीख
डॉक्टरीणबाईंनी अंगाला चिकटवायची हार्मोनची पट्टी आणि गोळी सुचवली. विचारलं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? मी ताडकन म्हटलं, माझी धाकटी बहीण त्यातच गेली. बाई म्हणाल्या, काका, तुमचं नको, यांच्या माहेरचं सांगा. माहेरी कुणालाच नाही. तपासण्याही ठीक.
औषध आणायला मी निघालो. अर्ध्या वाटेतून परतलो. सांगितलं, स्टॉक नाही. औषधाची चिठ्ठी घरातल्या कपॅसिटरच्या डब्यात ठेवली. हे खोटं नव्हे, सबुरी.

८ तारीख
निश्चय: दोन पंखे खाटेच्या पायथ्याशी, एक खिडकीत. सकाळी ही शिंकत उठली, माझी मान आखडली. प्रगती आहे.

१२ तारीख
हिनं विचारलं, पट्टी आली का? उद्या येईल, म्हटलं. म्हणाली, तुमचा तो उद्या एकदा दाखवा मला. बोचलं. पात्यांचा कोन बदलला.

१० तारीख, पुढचा महिना
जिंकलो! ही सात तास झोपली. राजीनामा फाडला. सगळा कोनाचा खेळ! शेजारीणबाईंनाही असेच पंखे लावून देतो म्हणालो. ही नुसती हसली.
न्हाणीघराच्या कचऱ्यात अधूनमधून पारदर्शक चिकट चकत्या दिसतात. मोबाइलचं काहीतरी असेल.

१४ तारीख
शेजारीणबाईंच्या पंख्यासाठी कपॅसिटरचा डबा उघडला. चिठ्ठी नाही. तिच्या जागी पट्ट्यांचं रिकामं पाकीट.
हिनं शांतपणे सांगितलं. गेल्या महिन्यात तेरा तारखेला मी दुकानात असताना खिडकीतला पंखा बंद पडला. तिनंच कपॅसिटर बदलायला डबा उघडला, आणि चिठ्ठी हाती लागली. तीस वर्षं माझ्याशी संसार केलाय, तेवढं येतं तिला. म्हणाली, भीती वाटते असं म्हणाला असतात, तर दोघं मिळून बाईंना विचारलं असतं. तुम्ही मला घामात भिजवलंत आणि वर वारा घातलात.
सुट्टीसाठी लेकीकडे गेली. पट्ट्या घेऊन.

१९ तारीख
पंखे बंद केले. रिकाम्या खाटेला काय वारा घालायचा?
तिला पाठवायचं पत्र, आधी इथे कच्चं:
लेक कशी आहे? जावई? तुझी झोप? मला इथे झोप नाही, आणि त्यात पंख्यांचा दोष नाही. चिठ्ठी लपवली, कारण बहिणीचा चेहरा समोर आला. तसं सांगायला जीभ रेटली नाही. आज डॉक्टरीणबाईंकडून नवी चिठ्ठी घेऊन पुढच्या महिन्याचं औषध आणलंय. स्टॉक भरपूर होता. तेव्हाही असणार.
लवकर लिही. दोन ओळी चालतील. रागावून लिहिल्यास तरी चालतील.