शेळीचं तोंड

अण्णा, परवा अंबडच्या एका कारखान्यात मी अगदी तुमच्यासारखी उभी होते. आमच्या बालवाड्यांसाठी जिगसॉ कोडी छापून घ्यायची होती. चारशे डबे, डब्यात चोवीस तुकडे, आणि चित्र आमच्याच पोरांनी काढलेलं: गोदाकाठचा बाजार, मधोमध एक भलीमोठी शेळी. माल तयार होता, मी बघायला गेले होते. मालक सभ्य माणूस. त्याने चहा मागवला, एक डबा स्वतःच उघडून पुढे ठेवला. मी दोन्हीला हात लावला नाही. समोरच्याने आपणहून पुढे केलेलं बघायचंच नाही, हे तुमचं शिक्षण. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासताना तुम्ही द्राक्षांच्या पेटीत थेट तळाला हात घालायचात, कारण वरचे घड सगळ्यांचेच चांगले असतात. सुट्टीत मी तुमच्या टेबलाशेजारी बसून असायची. माल परत गेला की शेतकऱ्याचा चेहरा पडायचा आणि मला तुमचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू.

तर मी थप्पीतला सगळ्यात खालचा डबा काढायला लावला. टेबलावर चहा होता, म्हणून तुकडे आधी पदरात ओतून घेतले, मग टेबल रिकामं करून मांडले. तेवीस. पुन्हा मोजले, तेवीसच. चित्र जुळवलं तर शेळीला तोंड नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मालक म्हणाला, "मॅडम, आमचा डाय एका दाबात चोवीसही तुकडे कापतो. कापताना एक कमी पडूच शकत नाही." मी म्हटलं, "मग भरताना गेला." डबे पाच बायका भरतात आणि प्रत्येकीची खूण डब्याच्या बुडाला असते. ही खूण दारालगत बसलेल्या बाईची निघाली. ती उठून उभी राहिली. "मी मोजूनच भरते ओ ताई. एक तुकडा घरी नेऊन मी काय करू?" नेल्याचं मी म्हटलंच नव्हतं, मग हिच्या तोंडी ते आलं कसं? संशयाला एवढं पुरतं. हिच्या हातचा एकही डबा मला नको, असं मी सगळ्यांसमोर सुनावलं. ऑर्डर मोठी होती. मालकाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती चपला घालून निघून गेली, आणि मी तो डबा पुरावा म्हणून घरी आणला.

घरी येऊन साडी सोडली. कमरेला खोचलेल्या पदरातून शेळीचं तोंड फरशीवर पडलं.

मी तशीच पलंगावर बसले आणि मला तुमची कात्री आठवली. तुम्हाला वाटत असेल मला माहीत नाही. पॅकहाऊसमध्ये तुमची घड विरळायची कात्री हरवली आहे, आणि तुम्ही सायखेड्याहून येणाऱ्या त्या बाईची पिशवी सगळ्यांसमोर उलटी करता. भाकरी खाली पडते. कात्री नसते, तरी तुम्ही तिला घरी पाठवता. मग स्टँडवर तुम्ही रुमालासाठी बॅगेत हात घालता, आणि हात आतच थांबतो. मी ती कात्री बघितली, अण्णा. मी कांद्याच्या टेम्पोंकडे बघायचं सोंग केलं. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरीच कुणी बसली होती आणि तुम्ही पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाहीत. मला त्याचा राग आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तुकडा घेऊन कारखाना गाठला. तुमच्यासारखं करायचं नाही, हे रिक्षात शंभरदा घोकलं. मालकाने विचारलं, "कुठं सापडला?" चारही बायकांचे हात थांबले. आणि माझ्या तोंडून निघालं, "डब्याच्या पुठ्ठ्यात, घडीत अडकला होता."

त्याने बाईला फोन करून बोलावून घेतलं. तासाभरात ती धापा टाकत आली. तुकडा बघून तिचे डोळे भरले. "बघा ताई, मी टाकलावता ना!" मालक म्हणाला, "टाकला, पण घडीत अडकू द्यायचा नाही. लक्ष कुठं असतं?" ती माझ्याकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं माझं, ताई. आता नीट बघून भरीन."

मालकाने परत चहा मागवला होता. या वेळी मी तो घेतला. तुम्ही निदान गप्प तरी बसलात, अण्णा. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एवढं लिहिते: तिने हात जोडले तेव्हा मी तिला "असू दे" म्हणाले.